हरवलेल्याला शोधणारं गाव

जपानच्या फुकुओका प्रांतातलं ओमुता हे एकेकाळचं कोळसा खाणींचं शहर. खाणी 1997 मध्ये बंद पडल्या, तरुण बाहेर गेले, म्हातारे मागे राहिले. इथे 2004 पासून एक रंगीत तालीम होते : एक जण स्मृतिभ्रंश झालेली, वाट चुकलेली व्यक्ती बनून रस्त्यावर फिरतो. तिचं वर्णन ईमेलवरून सगळीकडे पोचतं. मग दुकानदार, टॅक्सीवाले, शाळकरी मुलं शोध घेतात. शोधण्यापेक्षा बोलणं अवघड, हे तिथेच कळतं.

बोलायचं कसं, ते 2005 पासून देशभर शिकवलं जातं. जेमतेम दीड तासाचा मोफत वर्ग; पूर्वी शेवटी मनगटावर नारिंगी कडंही मिळायचं. बँकेतले कारकून, पोलीस, सुपरमार्केटमधल्या कॅशियर असे एक कोटीहून जास्त लोक तो करून गेलेत. नियम तीनच : दचकवू नका, घाई करू नका, स्वाभिमान दुखवू नका. (तिसरा नियम घरच्यांनाच जास्त लागू पडावा!)

रुग्णांच्या कुटुंबांची संघटना मात्र याच्या कितीतरी आधीची, 1980 ची, क्योतोतली. सरकारी योजना पुढे आल्या. 2012 नंतर वाढलेल्या हजारो ‘स्मृतिभ्रंश कॅफें’मध्ये रुग्ण, सून-मुलगा आणि परिचारिका एकाच टेबलाशी चहा घेतात.