आधी क्रँक, मग रंग

मोखाड्याचा पाऊस असा, की पडवीत टांगलेल्या कोयत्यालाही गंज चढतो. माझ्या काकांची 1984 सालची येझदी रोडकिंग तशाच पडवीत वर्षानुवर्षं उभी होती. काका शिक्षक, खोडाळा, सूर्यमाळ भागातल्या शाळांवर ते याच गाडीने जायचे. मी ती चालू करायला घेतली तेव्हा जो भेटेल तो विचारायचा, "रंग कोणता देणार?" माझं मत पक्कं झालंय, पहिल्यांदाच जुनी गाडी उघडणाऱ्याने रंगाचं नाव शेवटपर्यंत काढू नये.

शिकायला येझदी फार चांगली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 पासून जावा आणि 1973 पासून येझदी बाहेर पडू लागली. 1996 मध्ये कारखाना बंद झाला. इंजिन टू-स्ट्रोक, त्यामुळे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते! सुटे भाग आजही पुण्याच्या नाना पेठेत शोधले तर मिळतात.

आमचं इंजिन जाम होतं. अशा वेळी किकवर उभं राहून जोर करायचा नाही. प्लग काढून त्या भोकातून थोडं डिझेल सोडायचं आणि काही दिवस गाडीला हात लावायचा नाही. पिस्टनच्या रिंगा सुटल्या, तसं मला वाटलं काम झालं. जव्हारचे मिस्त्री म्हणाले, "सर, हाफ इंजिनात, म्हणजे नुसत्या पिस्टन-बोअरच्या कामात, भागणार नाही. क्रँकची सीलं बघावी लागतील."

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये येतात, तिथे दाबल्या जातात आणि मग वर चढतात. म्हणून क्रँकच्या दोन्ही बाजूंची रबरी सीलं हवाबंद लागतात, आणि गाडी नुसती उभी राहिली तरी ती कडक होतात. उजवीकडचं सील गेलं, की बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापून पिस्टन धरतो. डावीकडचं गेलं, तर क्लचकडचं ऑइल ओढलं जाऊन मागे पांढऱ्या धुराचा लोट. नवा पिस्टन घालून जुनी सीलं ठेवली, तर बोअरिंगचे पैसे पाण्यात.

पेट्रोलच्या टाकीत रात्रभर लिंबूसत्वाचं गरम पाणी ठेवलं, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन ती लगेच वाळवली. सकाळी ओतलेलं पाणी चहासारखं लाल होतं. इग्निशनच्या पॉइंटचं अंतर 0.4 मिलिमीटर, ते फीलर गेजनेच लावायचं. डोळ्याचा अंदाज इथे चालत नाही.

कागदपत्रं मात्र पाना हातात घेण्याआधी तपासा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. 2021 च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी 50 वर्षांवरच्या गाडीलाच मिळते आणि ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. मला काकांची गाडी रोज चालवायची आहे, त्यामुळे नूतनीकरणच बरं.

इंजिन बांधून झाल्यावर गाडी त्र्यंबकच्या वाटेवर तोरंगण घाटात चढवली. माथ्यावर गार होऊ दिली आणि प्लग काढला. पांढरा निघाला तर हवा शिरतेय, काळा ओला निघाला तर ऑइल जातंय. आमचा बदामी निघाला. आता वायरिंग, आणि त्यानंतर रंग.