आवाजाचे माप

मुंबईच्या उपनगरांत आज असा रस्ता क्वचितच आढळेल, की जेथे काही पाडले जात नाही आणि काही उभारलेही जात नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कोठेही जा; जुन्या तीन-चार मजली इमारती जमीनदोस्त होत आहेत व त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत. वर्सोव्याहून अंधेरीमार्गे घाटकोपरला जाणारी पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. पुढे इतर मार्गांचीही कामे निघाली. गळक्या घरात राहणाऱ्यास पक्के घर हवे आणि लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्यास गाडीत उभे राहावयास जागा हवी. तेव्हा ही बांधकामे नकोत, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु त्याच रस्त्यावर एखादा विद्यार्थी परीक्षेचा अभ्यास करीत असतो. रात्रपाळी करून आलेला कामगार दिवसा डोळा लागावा म्हणून धडपडत असतो. एखादी आजी अंथरुणास खिळलेली असते. त्यांच्या कानांवर दिवसभर घणाचे घाव पडत असतात. या दोहोंची सांगड कशी घालावी?

या गोंगाटात आपल्या भूमीचाही वाटा आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी तुम्ही पाहिली असेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा तो उंच कडा आहे. तसाच काळा पाषाण मुंबईत अनेक ठिकाणी जमिनीखाली पसरलेला आहे. त्यात पाया खणावयाचा, तर पोकलेनला लावलेला ब्रेकर खडकावर तासन् तास आदळत राहतो. त्यात सळया कापणारी करवत, जनरेटर व काँक्रीटचा पंप यांची भर पडते.

'आवाज फार होतो,' असे रहिवासी म्हणतात; 'फार कोठे होतो?' असे कंत्राटदार म्हणतो. बाजारात तराजू नसता, तर दुकानदार व गिऱ्हाईक यांचा तंटा कधीच मिटला नसता. आवाजाचेही तसेच आहे. त्याचा तराजू म्हणजे ध्वनिमापक यंत्र आणि त्याचे वजन म्हणजे डेसिबल. टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून हे नाव पडले.

हे माप मात्र फूटपट्टीसारखे नाही. डेसिबलचा आकडा १० ने वाढला, की ध्वनीची शक्ती दहापट होते. २० ने वाढला, की शंभरपट होते. म्हणून ६० डेसिबलचे एक यंत्र चालू असता तसेच दुसरे सुरू केले, तर बेरीज १२० होत नाही. ती सुमारे ६३ होते. उलट, ९० चा आवाज ८० वर आणला, तर त्याची नऊ-दशांश शक्ती नाहीशी झाली असे समजावे. अंतराचाही हिशेब आहे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले, की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. ब्रेकरचा आवाज १५ मीटरांवर ९० असेल, तर ३० मीटरांवर ८४, ६० मीटरांवर ७८ व १२० मीटरांवर ७२ होईल. दोन्ही बाजूंस उंच भिंती असलेल्या गल्लीत तो प्रतिध्वनीमुळे इतकाही उतरत नाही.

मोजणाराने काळजी घ्यावी लागते. यंत्र भिंतीजवळ धरू नये. वाऱ्याचा घोंघावा टाळण्यासाठी ध्वनिग्राहकावर स्पंजाची टोपी घालावी. आणि एका क्षणाचा आकडा न घेता ठरावीक काळाची सरासरी काढावी. काम बंद असतानाही एकदा मोजावे, म्हणजे रहदारीचा आवाज किती व बांधकामाचा किती, हे कळते. मोबाइलवरील आकडा अंदाजापुरता ठीक; पुराव्यासाठी प्रमाणित यंत्रच हवे.

आता मर्यादा पाहू. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० व ४० आहे. रात्र म्हणजे दहापासून सकाळी सहापर्यंतचा काळ. २०१० साली या नियमांत आणखी एक कलम आले: निवासी भागात व शांतता क्षेत्रात आवाज करणारी बांधकामयंत्रे रात्री चालवू नयेत. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने दक्षिण मुंबईतील भुयारी मेट्रोच्या रात्रीच्या कामास मनाई केली होती. पुढे ती उठविण्यात आली. लोकोपयोगी काम आणि लोकांची झोप यांचा तोल साधणे किती अवघड असते, हे त्यावरून दिसते.

आवाज कमी करण्याचे मार्ग तीन. पहिला, तो जन्मालाच येऊ न देणे. जमिनीत खांब ठोकण्याऐवजी भोक पाडून ओतावे. भिंती ब्रेकरने फोडण्याऐवजी दाबयंत्राच्या जबड्याने चिरडाव्या. इमारतीचे भाग दूरच्या आवारात तयार करून आणावे. दुसरा मार्ग, त्याची वाट अडविणे. जनरेटरला ध्वनिरोधक पेटी असावी. कामाभोवती जड व सलग आडोसा असावा; फटी असलेल्या पत्र्यांतून आवाज सहज निसटतो. यंत्र व कान यांमधील सरळ रेषा अडली, तरी सुमारे ५ डेसिबल उतरतात. मात्र ज्याच्या खिडकीतून आडोशापलीकडचे यंत्र दिसते, त्या वरच्या मजल्यावरील माणसास त्याचा उपयोग नाही. तिसरा मार्ग, ऐकणाऱ्याची वेळ सांभाळणे.

या तिसऱ्या मार्गाला पैसा फारसा लागत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. आमच्या शाळेशेजारी एकदा खडक फोडण्याचे काम निघाले. खिडक्या लावूनही शिक्षकांचे बोलणे मागच्या बाकापर्यंत पोहोचेना. आमच्या मुलांनी पंधरा दिवस एका वहीत रोजच्या नोंदी केल्या: ब्रेकर केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला, कोणता तास बुडाला. ती वही घेऊन मी तेथील अभियंत्यांना भेटलो. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "गुरुजी, तक्रारी पुष्कळ येतात, हिशेब प्रथमच आला." दुसऱ्या दिवसापासून परीक्षा संपेपर्यंत ब्रेकर शाळा सुटल्यावर चालू लागला.

परंतु त्या भेटीत एक गोष्ट मनाला लागून राहिली. ब्रेकरजवळ उभा असलेला मजूर मला हातवारे करून उत्तर देत होता; माझे शब्द त्याला ऐकूच येत नव्हते. आमच्यापर्यंत येताना आवाज पुष्कळ उतरत होता. त्याच्या कानांवर तो संपूर्ण आदळत होता आणि कानांवर साधे झाकणही नव्हते. मोठ्या आवाजाने अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी मरतात व त्या पुन्हा उगवत नाहीत. जो आपल्यासाठी घर बांधतो, त्याने आपले कान त्या पायात गाडून जावे काय? म्हणून आवाजाचे माप घेताना पहिला आकडा त्याच्याजवळचा घ्यावा. तेथे आवाज उतरला, तर आपल्या खिडकीपर्यंत तो आपोआपच उतरून येईल.