वांग्याचे फूल आणि एतद्देशीय माश्या

मधमाशी आणि शेती यांच्या संबंधाचा विचार करताना सामान्यतः मधपेटीच डोळ्यांसमोर येते. पश्चिम महाराष्ट्रात सातेरी, आग्या व फुलोरी या मधमाश्या आणि डंखहीन मधमाश्या आढळतात. काकडी व भोपळा यांसारख्या नर व मादी फुले वेगळी असणाऱ्या पिकांना त्यांचे साहाय्य मोठे असते. तथापि काही पिकांचे काम या समूहजीवी माश्यांकडून पुरतेपणी होत नाही. वांगे हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

वांग्याच्या फुलात मधुरस नसतो. माशीला तेथे केवळ पराग मिळतो. शिवाय त्याचे परागकोश उभे तडकत नाहीत, तर प्रत्येकाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रांतूनच पराग बाहेर पडतात. लाकूड पोखरून राहणारा काळा भुंगा (झायलोकोपा) किंवा निळ्या पट्ट्यांची अमेगिला ही माशी परागकोशांना बिलगते आणि पंख न हालवता वक्षातील उड्डाणस्नायू अतिशय वेगाने आकुंचित करते. या कंपनाने पराग छिद्रांतून उसळून तिच्या केसाळ अंगावर पडतात व पुढील फुलाच्या कुक्षीपर्यंत पोहोचतात. एपिस प्रजातीतील मधमाश्यांना ही क्रिया साधत नाही. वांग्यात स्वपरागीभवनही होत असल्याने माशीवाचून फळ धरतच नाही असे नव्हे. परंतु अशा भेटींनी फलधारणा वाढते.

येथे सेंद्रिय शेतीचा प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहतो. भुंगा शुष्क लाकडात वा बांबूच्या पोकळीत घर करतो. अमेगिला जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ कोरते. या माश्या पेटीत ठेवून शेतात आणता येत नाहीत. बांध नांगरून टाकला, वाळलेली लाकडे जाळली, तर रासायनिक औषध न वापरताही त्यांची वस्ती नष्ट होते. पिकाला फूल नसते त्या काळात बांधावरील रानफुले हाच त्यांचा आधार असतो.

दुसरी गोष्ट फवारणीची. वनस्पतिजन्य पायरेथ्रम आणि मृदाजीवाणूपासून मिळणारे स्पिनोसॅड ही द्रव्ये सेंद्रिय शेतीत काही अटींवर वापरली जातात. पण ताज्या फवाऱ्याचा संपर्क माश्यांना घातक ठरतो. म्हणून अशी फवारणी अटळ असल्यास ती बहराबाहेर, अथवा माश्यांचा वावर थांबल्यावर सायंकाळी करणे इष्ट होय.

सारांश, द्रव्याचे मूळ नैसर्गिक असणे आणि ते माशीला निरुपद्रवी असणे या दोन भिन्न गोष्टी होत. शेताची सेंद्रियता केवळ काय वर्ज्य केले यावरून न ठरविता बांधावर काय राखले यावरूनही जोखावी लागेल. कारण वांग्याच्या फुलाला कंपन देणारी माशी त्या बांधावरच राहते.