डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग : चरणजित सिंग यांची तबकडी कशी ऐकायची?

‘ॲसिड हाउस संगीताचा शोध १९८२ मध्ये मुंबईत लागला!’ अशी पोस्ट तुमच्याही फीडवर कधीतरी आली असेल. दावा चटकदार आहे, पण त्याच्या नादात खरं संगीत ऐकायचंच राहून जातं.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. आर. डी. बर्मन यांच्यासह अनेक संगीतकारांकडे त्यांनी वाजवलं. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. ठेक्याला टीआर-८०८, बेसला टीबी-३०३ आणि रागाच्या सुरावटीला ज्युपिटर-८ सिंथेसायझर. तबला नाही, गायक नाही.

यंत्रांवर राग जमतो कसा? पाश्चात्त्य पॉपमध्ये कॉर्ड बदलत राहतात. रागात तसं नसतं. षड्ज ठरला की शेवटपर्यंत तोच. ३०३ वर भरलेली छोटीशी बेसची ओळ पुन्हापुन्हा फिरत राहते आणि सतत त्या ‘सा’ची आठवण देते. म्हणजे तानपुऱ्याचं काम, फक्त नाचऱ्या चालीत! शिवाय ३०३ मध्ये ‘स्लाइड’ची सोय आहे. एक स्वर न तुटता पुढच्यावर घसरतो. ही काही खरी मींड नव्हे, पण कानाला तिची आठवण होते.

सुरुवात भूपाळीपासून करा. सा, रे, ग, प, ध असे पाचच स्वर, त्यामुळे सुरावट पटकन पकडता येते. मग मालकंस लावा. त्यात रे आणि प नाहीत, ग, ध, नि कोमल. ठेका साधारण तोच, पण रंग एकदम गडद होतो. हा फरक जाणवला की डिस्कोच्या आड राग शाबूत आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता त्या दाव्याकडे. ॲसिड हाउसची सुरुवात मानली जाणारी फ्यूचर या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये शिकागोत आली. यंत्र तेच, ३०३. पण तिथे मजा फिल्टरची बटणं फिरवून आवाज पिळवटण्यात होती, इथे सुरावटीत आहे. सारखेपणा यंत्रामुळे आला, एकाने दुसऱ्याचं ऐकून नव्हे.

तबकडी तेव्हा फारशी चालली नाही. २०१० मध्ये ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली आणि सत्तरी ओलांडलेले सिंग हेच राग वाजवायला युरोपच्या मंचांवर गेले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.