साठ फुटांची मिरास

मिशिगनमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या माझ्या एका भाच्याने गतवर्षी जुनी मस्टँग जीटी मोटार खरेदी केली, आणि तिच्या मागील चाकांना ‘ड्रॅग रेडियल’ जातीचे टायर घालावेत किंवा कसे, ह्या एका प्रश्नावर त्याने मित्रमंडळींकडून इतकी परस्परविरुद्ध मते गोळा केली की, अखेरीस हा मुकदमा माझ्यापुढे आला. माझी हयात रबराच्या कारखान्यात तपासनिसी करण्यात गेली असल्यामुळे, मोटारीविषयी नसला तरी टायरविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, अशी त्याची समजूत आहे. ती मी मोडली नाही.

१९५० साली कॅलिफोर्नियात सँटा ॲना येथील विमानांच्या धावपट्टीवर ज्या ‘ड्रॅग’ शर्यती नियमितपणे सुरू झाल्या, त्यांच्या परंपरेत पाव मैलाचे, म्हणजे ४०२ मीटरचे, अंतर उभ्या गाडीने कमीत कमी वेळात तोडावयाचे असते; आणि त्यातील पहिल्या साठ फुटांत चाक घसरले तर पुढील अंतरात ते नुकसान सहसा भरून निघत नाही. ह्या साठ फुटांसाठी ज्याचा जन्म झाला, आणि तरीही ज्याला सार्वजनिक रस्त्यावर येण्याची मुभा आहे, असा टायर म्हणजे ड्रॅग रेडियल होय.

टायरच्या बगलेवर ‘डीओटी’ ही अक्षरे उमटलेली असली म्हणजे तो रोजच्या वापरास योग्य असल्याचा सरकारने निर्वाळा दिला, हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. वस्तुतः अमेरिकन वाहतूक खात्याच्या सुरक्षा-नियमांची पूर्तता झाली असल्याचे ते निर्मात्याचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र असते, आणि त्या नियमांत टायरची मजबुती, रिमवरील पकड आणि सहनशक्ती ह्यांची परीक्षा असली तरी पावसात गाडी आवरेल किंवा काय ह्याची हमी नसते; एका शब्दात सांगावयाचे तर तो परवाना आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे. तीच गोष्ट झिजेच्या आकड्याची. टेक्सासमधील सॅन अँजेलो गावाच्या परिसरात ठरावीक सरकारी मार्गावर ७,२०० मैल गाडी चालवून, १०० हा आकडा मिळालेल्या प्रमाण टायरशी तुलना करून, ही प्रतवारी ठरविण्याची वहिवाट आहे, आणि कित्येक ड्रॅग रेडियलांवर ह्या जागी सरळ ‘००’ लिहिलेले असते. पकडीची ‘ए’ किंवा ‘एए’ ही प्रत पाहून तर पुष्कळजण हुरळून जातात. परंतु ती ओल्या पृष्ठभागावर चाक जाम करून, सरळ रेषेत ब्रेक लावून मोजलेली असते, आणि कोरड्या पट्टीवरील पहिल्या झेपेविषयी तिच्यात एक अवाक्षरही नसते.

ड्रॅग रेडियल म्हणजे थोडीशी नक्षी कोरलेला ‘गोटा’ (एरवी नक्षीविरहित, गुळगुळीत) टायर, असे जे मानले जाते, त्यामुळे मात्र पैसा आणि टायर दोन्ही वाया जातात. शर्यतीचा जुना गोटा तिरक्या धाग्यांचा असतो. झेपेच्या क्षणी त्याची बगल चुण्या पडून दुमडते, आघात शोषून घेते, आणि जमिनीला लागलेला पट्टा लांबवते, म्हणून तो थोडा घसरला तरी पुन्हा सावरतो. रेडियलची रचना, जिचे स्वामित्वपत्र फ्रान्समधील मिशलँ कंपनीने १९४६ साली घेतले, ती निराळी: धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे, आणि नक्षीखाली ताठ पट्टे. त्यामुळे वेगात तो स्थिर राहतो आणि कमी शक्ती खातो; पण एकदा सुटला की गोट्यासारखा सहजासहजी सावरत नाही. सबब गोट्याप्रमाणे ह्यातील हवा दहा-बारा पौंडांवर आणणे निरर्थक आहे. इतक्या कमी हवेत नक्षीचा मधला भाग हलका पडून पकड वाढण्याऐवजी घटते. शर्यतीच्या दिवशी सामान्यतः पंधरा-वीस पौंडांच्या आसपास प्रयोग करावेत, आणि घरी परतण्यापूर्वी हवा पुन्हा रस्त्यासाठी सांगितलेल्या दाबापर्यंत भरावी, कारण कमी हवेवर महामार्गाने धावणारा टायर आतून तापतो आणि त्याचा सांगाडा कोणाच्या नकळत खलास होतो. पुढे तिरक्या धाग्यांचे आणि मागे रेडियल, किंवा उलट, अशी मिसळ रस्त्यावर तर मुळीच करू नये.

रुंद टायर म्हणजे अधिक पकड, ह्या समजुतीत तथ्यांश आहे, परंतु तिच्या पोटी उंचीचा हिशेब विसरला जातो. भाच्याच्या गाडीस मुळात २४५/४५ आर १७ हे टायर होते, ज्यांची उंची सुमारे ६५२ मिलिमीटर. २७५/४० आर १७ घातले तर उंची तीच राहते आणि रुंदी तेवढी वाढते. ह्याउलट शर्यतीत लोकप्रिय असलेला २७५/६० आर १५ हा सुमारे ७११ मिलिमीटर उंच आहे. तो घातल्यास ३.७३ चा मागील गिअर ३.४२ सारखा मंद वागू लागतो, वेगदर्शक काटा ६० मैल दाखवीत असता गाडी ६५ मैलांनी पळते, आणि पंधरा इंची रिम ब्रेकवर बसते की नाही हा प्रश्न निराळाच उरतो.

आणखी एक भ्रम असा की, पकड वाढली म्हणजे व्यथा संपली. आजवर चाक घसरत होते म्हणूनच यंत्राचे सगळे बळ चाकांपर्यंतच्या मधल्या भागांवर येत नव्हते. घसरणे थांबताच ते बळ दुर्बळ कडी शोधू लागते. कित्येक वर्षांच्या मस्टँग जीटींना कारखान्यातून ८.८ इंची मागील आस आणि २८ स्प्लाइनचे दांडे येत; चांगले टायर घालणारे लोक पुढे ३१ स्प्लाइनच्या अधिक मजबूत दांड्यांचा खर्च का करतात, ते ह्यावरून ध्यानात यावे. शिवाय शर्यतीच्या पट्टीवर चिकट रसायन फवारलेले असते, तसे रस्त्यावर नसते, त्यामुळे तेथील चमत्काराची अपेक्षा सिग्नलपाशी बाळगणे व्यर्थ आहे. आणि सिग्नलपाशी शर्यत लावणे बेकायदा आहे, हेही ह्या निमित्ताने नमूद केलेले बरे.

राहिला पाऊस आणि थंडी ह्यांचा मुद्दा, आणि माझ्या मते हाच निर्णायक आहे. ह्या टायरची नक्षी उथळ असते आणि पाणी बाहेर काढण्यास खाचा अपुऱ्या. महामार्गावर साचलेल्या पाण्यात चाक पाण्यावर तरंगू लागते, आणि मागील चाके आधी तरंगली म्हणजे गाडी गर्रकन फिरते. मऊ रबर गोठणाऱ्या थंडीत ताठर होते. त्या अवस्थेत गाडी हलविली तर नक्षीला तडे जाण्याचाही संभव असतो. मिशिगनचा हिवाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगणे नलगे. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झालेल्या आहेत. तेथून परतताना घाटात पाऊस लागला तर काय होईल, ह्याचा विचार आपल्याकडील हौशी मंडळींनीही करावा.

भाच्याला मी लिहिले ते असे: दोन जादा रिम घे, त्यांवर ड्रॅग रेडियल चढवून उबदार कोठारात ठेव, शर्यतीच्या ठिकाणी पोहोचल्यावर जॅक लावून चाके बदल, आणि संध्याकाळी पूर्वीच्याच चाकांवर घरी ये. खरेदी करताना ‘डीओटी’च्या ओळीतील शेवटचे चार अंक मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाच, ४२१९ ह्याचा अर्थ २०१९ सालातील बेचाळिसावा आठवडा, आणि जुने झालेले मऊ रबर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेले असते.