बर्फांतून वांचलेल्या कांचा

आज छायाचित्र काढावयाचें म्हणजे खिशांतून एक चिमुकलें यंत्र काढलें कीं झालें. १९१५ सालीं दक्षिण ध्रुवाजवळच्या वेडेल समुद्रांत फ्रँक हर्ले या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराला मात्र बहुतेक चित्रें कांचेवर घ्यावीं लागत. ज्या श्रोत्यांनीं जुन्या घरांतील कांचेची निगेटिव्ह हातांत धरली असेल, त्यांना तिचें वजन सांगावयास नको.

सर अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या 'एंड्युरन्स' जहाजावर हर्ले होता. त्या वर्षींच्या जानेवारींत जहाज बर्फांत रुतलें, तें पुन्हा सुटलें नाहीं. ऑगस्टमधील एका काळोख्या रात्रीं हर्लेनें जहाजाभोंवतीं बर्फाच्या ढिगांआड लखलखाट करणाऱ्या दारूचे सुमारें वीस बार उडविले आणि हिमानें मढलेल्या त्या जहाजाचें चित्र घेतलें. काळ्या आकाशापुढें तें एखाद्या पिशाच्चासारखें पांढरें दिसतें. त्या लखलखाटानें स्वतः हर्लेचेच डोळे दिपले, आणि तो ठेंचाळत खोल बर्फांत जाऊन पडला! प्लेटी धुण्याचें पाणी ऊन ठेवावें लागे, नाहीं तर त्या बर्फाच्या लादींतच अडकत. नखांभोंवतींची कातडी भेगाळे, ती वेगळीच.

२७ ऑक्टोबर रोजीं बर्फानें चिरडलेलें जहाज सोडावें लागलें. प्लेटी आंतच राहिल्या. कांहीं दिवसांनीं हर्ले परत गेला, जहाजाची भिंत फोडून, कपडे उतरून, गोठूं पाहणाऱ्या पाण्यांत शिरला आणि झाळून बंद केलेले डबे त्यानें वर काढले. पण पुढचा प्रवास होड्या ओढीत करावयाचा होता. त्यांत अन्नालाच जागा अपुरी. तेव्हां शॅकल्टन आणि हर्ले बर्फावर बसून एकेक कांच उजेडापुढें धरूं लागले. सुमारें १२० ठेवल्या, आणि सुमारें ४०० तेथल्या तेथें फोडून टाकल्या. नुसत्या टाकून दिल्या असत्या, तर मन पुन्हा त्यांच्याकडे धांवलें असतें. यांत निष्ठुरपणा आहे खरा. पण माणूस ओळखणाऱ्याचें शहाणपणहि आहे. मोठे कॅमेरे तेथेंच राहिले. हर्लेपाशीं उरला एक लहान खिशांतला कोडॅक आणि फिल्मचीं तीन रिळें.

एप्रिल १९१६ मध्यें होड्या एलिफंट बेटास लागल्या. मदत आणण्यासाठीं शॅकल्टन पांच सोबत्यांसह लहानशा होडींतून गेले. मागें राहिलेल्या हर्लेसह बावीस जणांनीं तेथें साडेचार महिने काढले. पेंग्विन पक्षी आणि सील हेंच त्यांचें मुख्य अन्न, आणि त्यांचीच चरबी चुलींत जळण! पेंग्विनचे डौलदार फोटो घेण्याची ही वेळ नव्हती. ३० ऑगस्ट रोजीं सुटका झाली, तेव्हां त्या १२० कांचाहि सुखरूप होत्या.

परंतु मोहिमेच्या चित्रपटाला प्राण्यांचीं चित्रें कमी पडलीं. म्हणून १९१७ सालीं हर्ले पुन्हा दक्षिणेस, साउथ जॉर्जिया बेटावर गेला, आणि या खेपेस त्यानें पेंग्विनांकडे केवळ कॅमेऱ्यांतून पाहिलें.