शे, आहे आणि छे

ज्या तापीच्या खोऱ्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबारचा मुलूख पसरला आहे, तीच पुढे सुरतेवरून समुद्राला मिळते. आणि त्याच खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने यंत्रमागांवरच्या रोजगारासाठी आलेली खानदेशी कुटुंबे सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत स्थिरावली असल्यामुळे, तेथील महानगरपालिकेच्या एका मराठी शाळेत शिरताना आपण परमुलखात आहोत ही जाणीव, फाटकावरची गुजराती पाटी सोडली, तर फारशी होत नाही.

गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू व इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा ही पालिका चालवते. प्रादेशिक भाषेहून निराळ्या मातृभाषेची शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असल्यास त्यांना मातृभाषेतून शिकवावे, असा ठराव प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने १९४९ साली केला, आणि १९५६ साली राज्यघटनेत मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाविषयीचा ३५०-क हा अनुच्छेद आला. परंतु या तरतुदींत 'मातृभाषा' हा शब्द ज्या निःशंकपणे योजला आहे, ती निःशंकता तिसरीच्या वर्गात पाच मिनिटेही टिकत नाही.

"आई कुठे आहे रे?" हजेरी घेताना बाईंनी विचारले.

"माय घरमा शे."

माझ्या बालपणी अशा 'शे'ला छडी ठरलेली असे. बाईंनी मात्र ते वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहिले, त्याखाली 'आई घरात आहे', आणि त्याखाली गुजराती लिपीत, शिरोरेषेविना, 'मा घरमां छे'. तीन ओळी एकाखाली एक आल्यावर जे दिसले, ते मला तरी अनपेक्षित होते : पोराची अहिराणी प्रमाण मराठीपेक्षा गुजरातीच्याच अधिक निकट बसली होती. जनगणना तिला 'खानदेशी' या नावाखाली मराठीहून निराळी मोजते. शाळेत मात्र ती मराठीच्या पोटात गणली जाते. म्हणजे ज्याला आपण द्विभाषिक शिक्षण म्हणतो, त्यात या मुलाची पहिली भाषा कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही, आणि मराठी ही त्याने शाळेत येऊन शिकलेली दुसरी भाषा होय.

पुढचा तास गुजरातीचा. २०२३ च्या कायद्याने पहिलीपासून आठवीपर्यंत ती सर्व माध्यमांच्या शाळांत सक्तीची झाली आहे. गुजराती 'र' हुबेहूब आपल्या दोनच्या आकड्यासारखा असल्याने, शहराचे नाव वाचायला उभा राहिलेला एक मुलगा "सु-दोन-त" असे ठणकावून वाचता झाला, आणि वर्ग खदखदून हसला. 'दादा' म्हणजे गुजरातीत आजोबा, हे मात्र कोणी मान्य करीना. ज्याचा थोरला भाऊ मागावर रात्रपाळी करतो, त्याला तो आजोबा कसा वाटावा?

आकडे आले तेव्हा बाईंनी 'बे' लिहिले, अर्थ विचारला, सगळे गप्प.

"पाढा म्हणा," बाई म्हणाल्या.

"बे एके बे, बे दुणे चार..." सूर तिथेच थांबला. मुले एकमेकांकडे पाहू लागली.

"बाई," मघाचा 'सु-दोन-त' वाचणारा मुलगा उठला, "मग दोन कुठून आले?"